खापराचे माप

सर्वांच्या घासात वसणाऱ्या अन्नपूर्णेला आणि तो घास सिद्ध करणाऱ्या अग्निनारायणाला प्रथम वंदन करतो. धुराने डोळे चुरचुरत असतानाही पहिला नैवेद्य देवापुढे आणि पितरांपुढे ठेवणाऱ्या ज्या माउली आमच्या घरात होऊन गेल्या, त्यांचे स्मरण करतो. निमित्त आखाजीचे आहे. इतरत्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती आमची आखाजी, पितरांची घागर भरण्याची आणि सासुरवाशिणींनी माहेरी येण्याची, आता अठरा दिवसांवर आली आहे. दुसरे निमित्त आमच्या कॉलनीतील एका सज्जनांचे. काल सायंकाळी ते हातात वही घेऊन आले, परसातल्या आमच्या ओट्याकडे कौतुकाने पाहत राहिले आणि म्हणाले, "नाना, आम्हालाही असं उघड्यावरचं स्वयंपाकघर बांधायचंय. अंदाजे किती धरू?"

मी विचारले, "तेथे रांधणार कोण?"

"ते बघू नंतर. आधी आकडा तर ठरू द्या."

मी डोळे मिटून तीन वेळा नारायणाचे नाव घेतले. एरवी एकदा पुरते.

जळगावात चैत्र सरत आला की सकाळी नवालाच अंगणातली फरशी पायांना ओळख दाखवू लागते. गच्चीगच्चीवर जुन्या धोतरांवर कुरडया पडलेल्या असतात आणि गव्हाच्या चिकाचा आंबूस, कोवळा वास जिन्यावरून खाली उतरतो. कडुलिंबाचा मोहोर अंगणभर झडतो. झाडून काढावा तर मागे वळेपर्यंत पुन्हा तितकाच. बाजारात तांबड्या घागरींच्या उतरंडी लागतात, शेजारी डांगरांचे ढीग. घागरीच्या तोंडावर ठेवायचे डांगर, म्हणजे खरबूज, वास घेऊन निवडावे असे माझी आई सांगे. मी अजूनही वास घेतो आणि विक्रेता अजूनही हसतो. हे सारे दरवर्षीचे, सुखाचे. पण गेल्या वर्षापासून या सुखात सिमेंटचा वास मिसळला आहे. मोहोराचा पहिला सडा पडला की मला खोदाईचा आवाज ऐकू येतो, आणि त्यामागोमाग दोन शब्द: 'कामात काम'.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, शिरपूरकडच्या एका गावात दिलेली. आईवडील जाऊन तीन तपे होत आली, तरी आखाजीला ती आली नाही असे वर्ष मला आठवत नाही. ती येते म्हणून या घराला माहेरपण आहे. आणि ती आली की खापरावरचे मांडे होतात. ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. खापर म्हणजे मातीचे मोठे, घुमटासारखे भांडे. ते चुलीवर पालथे घालतात. खाली लाकडांचा जाळ. पुरण भरलेला उंडा लाटायचा नाही. तो दोन्ही तळहातांवर, मग मनगटांवर, मग कोपरांपर्यंत खेळवत वाढवायचा, आणि धोतराच्या पदराएवढा पातळ झाला की एका झोक्यात त्या तापल्या घुमटावर सोडायचा. धूर आणि जाळ इतका, की हे काम घरात होतच नाही. परसातच करावे लागते. पहिला मांडा वडिलांच्या घागरीपुढे जातो. तो आक्काच्या हातचा असावा, हा आमच्या घरात कधी न बोललेला नियम आहे.

गेल्या वर्षी चैत्रातच तिचा फोन आला. तिच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. चालत होती, पण खाली बसणे डॉक्टरांनी कायमचे बंद केले होते. "भाऊ, आवंदा मी येत नही," ती तिच्या अहिराणीत म्हणाली, म्हणजे यंदा येत नाही. मी म्हटले, अगं, मांडे नकोत, तू नुसती ये. त्यावर ती म्हणाली, "माहेरले यीसन खाटवर बसू? आनि दुसरीनी करेल पोळी खाऊ? त्यापेक्षा मी आठेच बरी शे."

मला ठाऊक होते की हे एका वर्षाचे बोलणे नव्हे. एकदा चुकलेली आखाजी पुन्हा जुळत नाही, आमच्या वयात तर नाहीच. मी तिला म्हणालो, "तुला बसावं लागणार नाही. उभ्यानं मांडे करता येतील अशी जागा मी परसात बांधतो. एक महिना आहे." निवृत्तीच्या ठेवीतून मी ऐंशी हजार रुपये वेगळे काढले आणि त्यातले दहा हजार राखीव म्हणून पाकिटात घालून देवघरात ठेवले. येथपर्यंत, वाचकहो, माझे सर्व योग्य होते.

मग मी मुलाला सांगितले.

शिरीष पुण्यात असतो. मायाळू आहे, आत्यावर त्याचा जीव आहे, आणि त्याच्या एका मित्राला घरांचे आराखडे काढता येतात. चौथ्या दिवशी आराखडा आला. इंग्रजी नाव, रंगीत चित्र, चित्रात एक तरुण स्त्री हिरव्या पाल्यासह उभी. काळा ग्रॅनाईट, स्टीलचे सिंक, वर लोखंडी खांबांचे छत, छताला दिवे. ओट्याची उंची पावणेतीन फूट. "बाबा, उभ्यानं काम करायला हीच उंची बरोबर असते," शिरीष म्हणाला, "जगभर हीच." जगभरात खापर कोठे असते, हे मी विचारले नाही. मलाही ते चित्र आवडले होते, हे येथे मान्य करणे भाग आहे.

आमच्या सौभाग्यवती, इंदू, आराखड्याकडे चष्म्याच्या वरून पाहत एवढेच म्हणाल्या, "अहो, आधी चार विटा रचून चूल मांडून बघा. मग पुढचं." मी म्हणालो की सगळे मापाने चालले आहे. त्यांनी चष्मा काढून ठेवला. बेचाळीस वर्षांच्या सहवासात त्या चष्मा काढून ठेवतात त्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

रघू मिस्त्री मूळचा नरडाण्याकडचा. हात सोन्याचा, जीभ मधाची. पहिल्या दिवशी त्याने दोरी लावली, नारळ फोडला, माझ्या पाया पडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "नाना, खोदाई व्हयेलच शे. कामात काम, नळबी टाकी देवूत. परत कोन फोडी?" युक्तिवादात दोष नव्हता. नळ आला. नळ आला म्हणजे सिंक आले, सिंक आले म्हणजे सांडपाण्याची वाट आली, आणि ती वाट अंगणाच्या थेट मधून गेली. तीस वर्षांची शहाबादी फरशी उपटून पुन्हा बसवावी लागली. "कामात काम, फरशी नवीनच घालू, जुनी आते जुळाव नही." रोज सकाळी मी पूजा आटोपून बाहेर यावे आणि रघूने पायरीवर बसून, चहाच्या बशीवर फुंकर घालत, तेच दोन शब्द उच्चारावेत. संध्याकाळी पुण्याहून शिरीषने तेच म्हणावे. "बाबा, वायर आत्ताच टाकून घ्या. कामात काम." जणू दोघांनी एकाच गुरूकडून मंत्र घेतला होता. देवघरातल्या पाकिटातले दहा हजार छताच्या दिव्यांत गेले. आमच्याकडे मांडे सकाळी करतात.

आणि छत! परसातल्या कडुलिंबाची एक आडवी फांदी छताच्या खांबांना आडवी येत होती. रघू म्हणाला, कापावी लागेल. मी विचारले, छत कशासाठी? तो म्हणाला, सावलीसाठी. मी वर पाहिले. त्या फांदीची सावली आम्हा दोघांच्या डोक्यावर होती. आखाजीला त्याच फांदीला दोर टाकून झोका बांधायचा आमचा रिवाज. आक्का सत्तरीनंतरही त्यावर एकदा तरी बसे, पाय टेकवत टेकवत. तरीही मी मान डोलावली. माणूस बांधकामाच्या मध्यावर असला की त्याची मान आपोआप डोलते. याला कोणते पाप म्हणतात ते मला माहीत नाही, पण असावे. सावली तोडून आम्ही सावली विकत घेतली, आणि विकत घेतलेली सावली पत्र्याची असल्याने दुपारी तिच्याखाली उभे राहवत नसे.

ग्रॅनाईट बसला तेव्हा चैत्र सरत आला होता. दुपारी मी कौतुकाने त्यावर हात ठेवला आणि तितक्याच वेगाने उचलला. इंदू दारातून पाहत होत्या. "चूल कशाला हवी?" त्या म्हणाल्या. "यावरच भाजा की."

हिशेब लिहिण्यात मी कुचराई केली नाही. शिक्षकाची सवय, प्रत्येक पावती टाचणी लावून. वहीत रकाने होते: खोदाई, वीट, वाळू, दगड, पत्रा, खांब, नळ, दिवे. ऐंशी हजारांचे एक लाख चौदा हजार झाले. एके रात्री जेवताना मी ती वही इंदूंपुढे धरली, काही सुटले का बघा म्हणून. त्यांनी पाने उलटली, भात कालवला आणि म्हणाल्या, "सगळं आहे हो. फक्त स्वयंपाक नाही."

मला राग आला. खरे सांगायचे तर तो राग अजून पूर्ण उतरलेला नाही. केवळ त्याचा पत्ता बदलला आहे. तेव्हा तो इंदूंवर होता, आता माझ्यावर.

आखाजीच्या तीन दिवस आधी आक्का आली. काठी होती, पण रिक्षातून उतरताना तिने ती बगलेत धरली होती, टेकवली नव्हती. वाटभर मांडीवर, मुलाला घ्यावे तसे, कापडात गुंडाळलेले खापर आले होते. तिच्या गावच्या कुंभाराकडून आणलेले, नवे. जळगावच्या खापरावर तिचा कधीच विश्वास बसला नाही. चहा घेण्याआधी परसात गेली. प्रथम वर पाहिले, तोडलेल्या फांदीच्या खुंटाकडे. मग ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून बंद केला, दिव्याचे बटण दाबून भर दुपारी दिवा लागलेला पाहिला. "बठ्ठं भारी शे," सगळेच भारी आहे, म्हणाली. रघू पायरीवर बसला होता. त्याने अभिमानाने मिशीवरून हात फिरवला.

"आते चूल मांड," आक्का म्हणाली.

रघूने ओट्यावर विटांची चूल मांडली. फूटभर उंच, लाकूड आत जायला तेवढी लागतेच. त्यावर आक्काने खापर पालथे घातले. मग ती ओट्यासमोर उभी राहिली, पदर खोचला, मोकळे हात मांडा खेळवावा तसे हवेत फिरवले आणि थांबली.

खापराचा माथा तिच्या कपाळाशी होता.

ओटा पावणेतीन फूट. त्यावर चूल एक फूट. त्यावर खापर एक फूट. आक्काची उंची पाच फुटांना दोन बोटे कमी. हे गणित दुसरीतल्या मुलालाही जमले असते. पावणेतीन फूट ही शेगडीची उंची, भाजी चिरण्याची उंची, त्या चित्रातल्या हिरव्या पाल्याची उंची. ज्या एका कामासाठी हे सारे उभे राहिले, त्या कामाचे माप कोणी घेतलेच नव्हते.

"भाऊ," आक्का म्हणाली, "हाई खापर मन्हा तोंडसमोर उनं. मांडा टाकू का त्याले ववाळू?"

इंदूंनी पदर तोंडाला लावला. रघू उठून उभा राहिला. "आक्का, खापरनं माप माले कोनी सांगं नही."

"मंग तुनी इचारं का?"

रघूने माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले, पण तेथे पत्रा होता.

त्या दुपारी मी देवघरात बसून राहिलो. आक्का आतल्या खोलीत आडवी झाली होती आणि भिंतीकडे तोंड करून होती. तिने तक्रारीचा एक शब्द काढला नव्हता, आणि तेच मला सोसत नव्हते. ती उद्या परत जाते म्हणाली असती तर मी तिला कोणत्या तोंडाने थांबवणार होतो? मी तिला जे वचन देऊन बोलावले होते, ते बाहेर उन्हात काळे कुळकुळीत तळपत होते आणि निरुपयोगी होते.

आयुष्यभर मी मुलांना संस्कृत शिकवले. यज्ञवेदीचे माप कोठून येते, हे किती वर्षे फळ्यावर आकृती काढून सांगितले असेल! ते राजाच्या वैभवावरून येत नाही, विटांच्या संख्येवरून येत नाही. यजमानाने हात वर करून उभे राहायचे, आणि त्याच्या देहावरून दोरी धरायची. पूजेच्या आरंभी संकल्प असतो. त्यात देश येतो, काल येतो, कर्त्याचे नाव-गोत्र येते, कशासाठी करतो ते येते. त्यानंतर सामग्रीला हात लावायचा. अंदाजपत्रक म्हणजे तरी दुसरे काय? तोही संकल्पच. आणि मी, सहस्र संकल्प सांगितलेला मनुष्य, सरळ सामग्रीपासून सुरू झालो होतो. माझ्या वहीत दगडाचे नाव होते, कर्त्याचे नव्हते. राखीव पाकिटाचेही तेच. काम पूर्ण झाल्यावर जे डोळ्यांना दिसते, त्यासाठी ते ठेवायचे असते. मी ते काम चालू असतानाच दिव्यांत घातले, कारण शिल्लक दिसली की माणसाला तिची खाज सुटते.

संध्याकाळी परसातून रघूचा आवाज आला. आक्का त्याच्याशी बोलत होती. मी गेलो तेव्हा ती आमच्या जेवणघरातल्या साध्या लाकडी खुर्चीवर, कडुलिंबाच्या बुंध्याशी, उरल्यासुरल्या सावलीत बसली होती. दोन्ही हात पुढे धरले होते. रघू जमिनीवर उकिडवा बसून तिच्या हातांपासून जमिनीपर्यंत फीत धरीत होता.

"आजून खाले," ती म्हणत होती. "खाले, रे. हां. आठे खापरनं डोकं ये. आते त्यातून खापर वजा कर."

उरलेल्या विटा बेचाळीस होत्या, छत्तीस लागल्या. काळी माती रघूने कोठून तरी पोत्यात आणली, भुसा मिसळला, इंदूंनी गवळ्याकडून शेण आणवले. आक्काने खुर्चीवर बसूनच चूल लिंपली, काठीच्या टोकाने दाखवत, येथे दाब, येथे गोल कर. वैशाखाच्या उन्हाचा एवढा एक उपकार, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती खडखडीत वाळली. खर्च किती आला म्हणून मी वही काढली. रघू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, नाना. आखाजीले मन्हा माय करता दोन मांडा बांधी द्या." मग जाता जाता पायरीवर थांबला. "कामात काम, दुसरी एक लहान चूल..."

"रघू," मी म्हणालो. तो गेला.

आखाजीच्या सकाळी मी घागर भरली. मोठी घागर, तिच्या तोंडावर लहान तांबडे मडके, त्यावर डांगर, आंब्याची पाने. पितरांची नावे घेत होतो, आणि मागून परसातून लाकडांचा तडतडाट व आक्काच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मांडा कोपरावर आला की बांगड्या मागे सरतात, खापरावर सुटला की पुढे येतात. लहानपणापासून मी त्या आवाजावरून मांडे मोजत आलो आहे. पहिला मांडा घेऊन ती स्वतः आली. काठी नव्हती, दोन्ही हातांत केळीचे पान होते. वडिलांच्या घागरीपुढे पान ठेवताना तिला वाकता येईना. मी पुढे झालो. "थांब," ती म्हणाली, आणि दारचौकट धरून, सावकाश, जितके वाकता येईल तितके वाकली. उरलेले चार बोटांचे अंतर मी पानाखाली हात धरून भरून काढले.

त्या वर्षी झोका झाला नाही. हे लिहून ठेवतो, कारण ते वहीत कोठेच नाही.

काळ्या ओट्याचे म्हणाल, तर तो वाया गेला नाही. त्यावर इंदू डांगरे ठेवतात, कधी मिरच्या वाळवतात. आज सकाळी त्यावर मोहोराचा थर होता, आणि त्या तोडलेल्या फांदीच्या जागी बोटाएवढा एक धुमारा पत्र्याला वळसा घालून वर निघाला आहे. त्याला झोका टांगता यायला जितकी वर्षे लागतील, तितकी माझ्या हिशेबात नाहीत, असो. कालच्या सज्जनांना मी एवढेच सांगितले: आधी घरात जाऊन रांधणारीला विचारा, भांडे मागून घ्या, विटा रचून त्यावर ते ठेवा, तिला हात फिरवू द्या. मग वही उघडा. पाकीट मात्र काम पुरे होईपर्यंत उघडू नका, कोणी कितीही 'कामात काम' म्हणाले तरी. त्यांनी सगळे वहीत लिहून घेतले आणि शेवटी विचारले, "पण नाना, ग्रॅनाईट काळा बरा की हिरवा?"

ते गेल्यावर आक्काचा फोन आला. तिला माझे कुशल नको होते. "चूल फुटनी तं नही ना? पोतेरा फिरवजो. आनि भाऊ, आवंदा खुर्च्या दोन ठेवजो."

"दुसरी कोणासाठी?"

"शिरीषले म्हना ये. त्यानी चित्र काढाडं ना? आते बस म्हना मन्हा बाजूले. शिकाडसू."

मी पुण्याला फोन केला. शिरीष हसला आणि मग त्याने विचारले, "बाबा, माझी उंची जास्त आहे. खुर्ची तीच चालेल का?"

सगळ्या वर्षभरात त्याने विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. मी नवे पान उघडले. वर देश लिहिला, काल लिहिला, कर्त्यांची दोन नावे लिहिली, हेतू लिहिला. सामग्रीच्या रकान्यात एकच ओळ आली: खुर्ची, दुसरी, जरा बुटकी.

वाचकहो, आपल्या अंगणातला अग्नी प्रसन्न असो, घागर भरलेली असो, कडुलिंबाची फांदी शाबूत असो. आपल्या घरी जी कोणी रांधते, जो कोणी रांधतो, त्याच्या हाताला पोहोचेल इतक्याच उंचीवर अन्नपूर्णा सदैव उभी राहो; आणि आखाजीला जिची वाट पाहता, ती आपल्या दारी रिक्षातून येवो, मांडीवर खापर घेऊन.

शुभं भवतु.